खुलासा सातव्या पानावर

परवा सकाळी चहा पिता पिता एका मराठी पोर्टलवर बातमी वाचली, आमच्याकडच्या नगरपालिकेच्या टेंडरची, त्यात एका ठेकेदाराचं नाव होतं. दुपारी तीच लिंक एकाला पाठवायची म्हणून उघडली तर नाव गायब. हेडिंग पण बदललेलं. खाली कुठे एक ओळ नाही की बाबांनो सकाळी आम्ही असं असं छापलं होतं, ते चुकलं. नुसतं वर बारीक अक्षरात ‘अपडेटेड’ आणि वेळ. मला आधी वाटलं मीच चष्मा न लावता वाचलं असेल. मग ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी स्क्रीनशॉट आला होता तिथे जाऊन बघितलं, नाव होतं. आणि ग्रुपवर त्या माणसाला शिव्या घालणं अजून चालूच होतं.

तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते लिहितोय, लांब झालंय, वेळ असेल तरच वाचा.

मी अकरा वर्षं एका पेपरच्या जिल्हा आवृत्तीत डेस्कवर काढलीत, म्हणजे आलेल्या बातम्या नीट करून पान लावायचं काम. पेपरचं नाव घेत नाही, तिथली बरीच मंडळी इथे फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, ती ओळखतील. २००६ सालची गोष्ट. रात्रीचे साडेदहा, तालुका पान सव्वाअकराला छपाईला सोडायचं, आणि आमच्या तालुक्याच्या वार्ताहराचा फोन आला की पतसंस्थेच्या अपहारात एकाला अटक झालीये, घ्या लिहून. घेतलं. नाव, आडनाव, गाव. वडिलांचं नाव मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पानाच्या वरच्या अंगाला तीन कॉलमची जागा रिकामी होती कारण एक जाहिरात ऐनवेळी मागे गेलेली, नुसत्या मजकुराने पान भुंडं दिसत होतं, म्हणून मी कॉम्प्युटरवर फोटोंचं फोल्डर उघडलं, नाव टाकून बघितलं, फोटो मिळाला. तेच नाव, तेच गाव. लावला. पान सोडलं, घरी गेलो, झोपलो. झोप पण मस्त लागली.

फोटो दुसऱ्याच माणसाचा होता. एका गावात एकाच नावाचे दोघं असणं म्हणजे काही नवल नाही, आपल्याकडे तर चुलत भावांची नावंसुद्धा सारखी असतात. ह्याचा फोटो आमच्या फोल्डरमध्ये होता कारण दोन महिन्यांपूर्वी त्याला पीक स्पर्धेत हरभऱ्यासाठी बक्षीस मिळालेलं, आणि ती बातमी आम्हीच छापलेली.

तिसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला. बरोबर वकील नाही, पुढारी नाही, कुणी नाही. प्लास्टिकच्या पिशवीत दोन कात्रणं. टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि म्हणाला, ‘साहेब, हा बी मीच हाये आन् हा बी मीच हाये. आता गावाला यातला कोन्ता खरा वाटंल ते तुम्ही सांगा.’

आवृत्तीप्रमुखांनी त्याला बसवलं, चहा सांगितला, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, उद्या खुलासा घेऊन टाका. मी घेतला. ‘सदर वृत्तात तांत्रिक कारणाने चुकीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. सदर व्यक्तीचा प्रकरणाशी संबंध नाही.’ चार ओळी, एक कॉलम, सातव्या पानावर निविदा सूचनेच्या खाली. आता ह्यात ‘सदर व्यक्ती’ म्हणजे कोण हे ज्याला आधीच माहितीये त्यालाच कळणार. नाव नाही, गाव नाही, फोटो नाही. आणि तांत्रिक कारण! फोटो काही मशीनने उचलला नव्हता, मी उचलला होता, माझ्या उजव्या हाताने, माऊसने.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, खुलाश्याचे दहा अंक मागायला. गावात दाखवायला पाहिजेत म्हणाला. काउंटरवरच्या माणसाने दहा अंक मोजून दिले आणि पंचवीस रुपये घेतले. पावतीसकट. मी आत बसून काचेतून बघत होतो आणि उठलो नाही. आज विचार केला की त्या फोटोपेक्षा ह्या न उठण्याचीच जास्त लाज वाटते.

वर्षभराने तालुक्याला एका लग्नात भेटला. ओळखलं त्याने. पाकीट काढलं, त्यात ते चार ओळींचं कात्रण लॅमिनेट करून ठेवलेलं. म्हणाला, नवीन कुणी पाहुणा भेटला की पहिलं हे दाखवतो, मग रामराम.

आता मूळ मुद्दा. माझं आजकाल असं मत झालंय की पेपर असो, चॅनल असो, पोर्टल असो, त्याची नियत ओळखायची तर त्याच्या मोठ्या शोध-बातम्या नका बघू, तो स्वतःची चूक कुठल्या पानावर, किती मोठ्या अक्षरांत आणि कुठल्या शब्दांत छापतो ते बघा. किराणा दुकानदाराच्या बिलावर सुद्धा खाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असतं. आमच्या धंद्यात ते नाहीये. आमच्याकडे फक्त ‘खुलासा’ आहे, आणि खरं म्हणजे हा शब्दच फसवा आहे. खुलासा समोरचा देतो, ज्याच्यावर आरोप झाला तो. आपण देतो ती दिलगिरी. पण डेस्कवर दोन्ही एकाच नावाखाली ढकलतात म्हणजे वाचकाला वाटतं समोरचाच काहीतरी सारवासारव करतोय.

दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिन होतो. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू केलं त्या दिवसाची आठवण. शाल, श्रीफळ, चौथा स्तंभ, आणि एखादा वक्ता हमखास टिळक-आगरकरांच्या तुरुंगवासावर येतो. डोंगरीचे १०१ दिवस. टाळ्या. पण ते तुरुंगात का गेले हे सांगताना निम्मीच गोष्ट सांगतात. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतोय आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत असं ह्या दोघांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने लिहिलं, आणि ज्या पत्रांच्या भरवशावर लिहिलं ती पत्रं बनावट निघाली. बनावट! बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, ह्या दोघांनी चूक कबूल करून माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झालीच, त्यातले ते १०१ दिवस भोगले. दोघांचा जन्म १८५६ चा, म्हणजे वय २५-२६. टिळकांचा तर त्या वर्षीचा वाढदिवस तुरुंगात गेला.

मी हे त्यांना कमी लेखायला सांगत नाहीये. उलट. सगळ्या पुण्यात त्यांच्या बाजूने सहानुभूती होती, महाराजांचा विषय भावनेचा होता, बर्व्यांबद्दल कुणाला प्रेम नव्हतं, म्हणजे ‘आम्ही ठाम आहोत’ म्हणायला आजच्यापेक्षा जास्त सोय होती. सुटून आले तेव्हा लोकांनी जंगी स्वागत केलं म्हणजे माफी मागून इज्जत गेली असंही काही झालं नाही. आणि चूक कशी झाली ते बघा ना. पोरं हुशार होती, प्रामाणिक होती, पण पत्रातला मजकूर त्यांना खरा असावा असं आधीच वाटत होतं. आपल्याला जे खरं असावंसं वाटतं ते आपण तपासत नाही. १८८२ मध्ये ते पत्र होतं, आज पीडीएफ असते किंवा कुणीतरी फॉरवर्ड केलेली ऑडिओ क्लिप, बाकी माणूस तोच.

नियम नाहीयेत असं नाही बरं का. पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलंय की चूक लक्षात आली की पेपरने स्वतःहून, लगेच, ठळकपणे दुरुस्ती छापावी, चूक गंभीर असेल तर माफी किंवा दिलगिरीसह. पण कौन्सिलच्या हातात काय? ताकीद, समज, निषेध. दंड करता येत नाही. टीव्हीवाल्यांची स्वतःची संस्था आहे, ती दंड करू शकते पण कमाल १ लाख, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुद्धा विचारलं की एवढ्याने कुणाला फरक पडतो का. १ लाखात प्राइम टाइमची एक जाहिरात तरी होते का कुणास ठाऊक.

आणि कौन्सिलचं काय घेऊन बसलात. २००९ च्या आपल्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी पेड न्यूजचं, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून प्रचार छापण्याचं, प्रकरण बाहेर काढलं, कौन्सिलने दोघांची उपसमिती नेमली, त्यांनी ७१ पानांचा अहवाल दिला, त्यात नावं होती. आणि २०१० मध्ये कौन्सिलने काय केलं तर काटछाट करून, नावं वगळून छोटा अहवाल बाहेर काढला! मूळ अहवाल लोकांसमोर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला आणि २०११ उजाडलं. पेड न्यूज ही चूक नाही, तो धंदा आहे, त्याला दिलगिरीचा प्रश्नच येत नाही, तो विषय वेगळा. पण आपल्याच घरातलं काही निघालं की ते सातव्या पानावर ढकलायची सवय वरपासून खालपर्यंत आहे एवढं मला म्हणायचंय.

विक्रम गोखले आठवतात ना, नोव्हेंबर २०२२. पुण्यात हॉस्पिटलमध्ये होते, तब्येत गंभीर होती, आणि ते गेले अशी बातमी रात्रीत सगळीकडे झळकली. श्रद्धांजल्या, जुने फोटो, ‘नटसम्राट हरपला’ छाप हेडिंगं. आणि त्यांच्या घरच्यांना हॉस्पिटलमधून सांगावं लागलं की अजून आहेत, व्हेंटिलेटरवर आहेत. प्रत्यक्षात ते २६ तारखेला गेले. मधल्या दिवसांत किती जणांनी लिहिलं की आम्ही एका जिवंत माणसाला मारलं, क्षमा असावी? मी तरी एकही बघितलं नाही. जे बघितलं ते असं की काल रात्री ज्या लिंकवर निधनाची बातमी होती त्याच लिंकवर सकाळी ‘निधनाच्या अफवांवर कुटुंबीयांचं स्पष्टीकरण’. अरे, अफवा कुणी पसरवली? अशा भाषेत लिहायचं जशी काही अफवा पावसासारखी वरून पडली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये धर्मेंद्र यांच्या बाबतीत परत तेच.

डेस्कवरच्या मित्रांशी बोललं की तीन उत्तरं मिळतात. पहिलं, दुरुस्ती छापली की विश्वासार्हता जाते. हे मला कधीच पटलं नाही, आपल्या गावातला वैद्य ‘मागचं औषध बदलतो’ म्हणाला तर आपण त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतो का कमी? दुसरं, लीगलवाले सांगतात कबुली देऊ नका, कोर्टात अंगाशी येईल. ह्यात तथ्य आहे, वकिलाचं काम तेच आहे, पण मग संपादकाचं काम काय तेही एकदा ठरवा. आणि तिसरं उत्तर, ज्यापुढे माझं तोंड बंद होतं, ते म्हणजे माणसंच नाहीयेत. मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफं तपासणारी, नावाची जमात बऱ्याच ऑफिसांतून नाहीशी झाली, पान लावतो तोच मथळा देतो तोच शुद्धलेखन बघतो, तालुक्याच्या वार्ताहराला महिन्याचं मानधन पेट्रोललाही पुरत नाही आणि वर नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवणीचं जाहिरातीचं टार्गेट त्याच्याच डोक्यावर. जो माणूस दुपारी आमदाराकडे जाहिरात मागून आलाय त्याने रात्री त्याच आमदाराच्या भाच्याची बातमी द्यायची. मालक लोक ह्यावर एसीत बसून पत्रकारितेच्या मूल्यांवर भाषण देतात तेव्हा खरंच हसावं का रडावं कळत नाही.

पण माणसं कमी आहेत म्हणून चुका जास्त होणार असतील तर दुरुस्त्या पण जास्त दिसायला पाहिजेत ना? चुका वाढल्या आणि दुरुस्त्या कमी झाल्या, हे कुठलं गणित?

आणि गुपचूप बदलण्यात अजून एक गोम आहे, त्या टेंडरच्या बातमीत मला हीच खुपली. नाव चुकलं म्हणून काढलं, का ठेकेदाराचा फोन आला म्हणून काढलं, का मार्केटिंगवाल्याने सांगितलं म्हणून काढलं, वाचकाला कळायला काही मार्गच नाही. प्रामाणिक दुरुस्ती आणि दाबलेली बातमी दिसायला अगदी सारखी. छापील पेपरमध्ये निदान जुना अंक रद्दीत तरी सापडायचा.

म्हणून त्या पोर्टलवरच्या एका ओळखीच्या पोराला मेसेज केला. चांगला पोरगा आहे, माझ्या हाताखाली इंटर्न होता. म्हणाला, ‘सर, एकसारख्या नावाच्या दोन फर्म होत्या, घोळ झाला, पण कळल्यावर वीस मिनिटांत काढलं ना आम्ही.’ म्हटलं शाब्बास, आता खाली एक ओळ टाक, आधी हे नाव चुकून आलं होतं म्हणून. बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत राहिलं. मग म्हणाला, ‘सर, सिस्टीममध्ये तसा ऑप्शनच नाहीये.’ हेडिंगला रकाना आहे, सबहेडला आहे, टॅगला, कीवर्डला, फोटो कोणाचा त्याला सुद्धा आहे. दुरुस्तीला नाही. टेक टीमशी बोलतो म्हणाला. त्याला आज तिसरा दिवस.

तोवर मी त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं की ते नाव चुकीचं होतं, पोर्टलने काढून टाकलंय, कृपया स्क्रीनशॉट फिरवू नका. दोघांनी अंगठा दिला. एकाने विचारलं, ‘काका, ठेकेदार पाहुणा लागतो का तुमचा?’