सोफा हॉल, दिवाण-ए-आम वगैरे

आमच्या कॉलेजात इंटिरिअर डिझाइनच्या अभ्यासक्रमासाठी नवी इमारत उभी राहतेय आणि तिच्यातल्या खोल्यांना देणगीदारांची नावं द्यायचं घाटतंय. देणगीदार कोण? प्लायवूडवाले, सनमायकावाले, मॉड्युलर किचनवाले. म्हणजे आमचीच जमात. त्यावरून माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर गेला आठवडाभर नुसता धुडगूस चाललाय. सेमिनार हॉलला 'सोफा हॉल', वऱ्हांड्याला 'दिवाण-ए-आम', मुलींच्या कॉमन रूमला 'मायका'. एकानं प्राचार्यांच्या केबिनला 'फोल्डिंग खुर्ची कक्ष' सुचवलं. (हे मला मनापासून आवडलं, खोटं कशाला बोलू.)

माझं हे आधीच सांगून टाकतो. सांगलीत माझं फर्निचरचं दुकान आहे, मागं छोटा कारखाना आहे. देणगीदारांच्या यादीत मी नाही, पण यादीतल्या निम्म्या लोकांकडून मी माल घेतो. तेव्हा मी काही तटस्थ वगैरे नाही.

थट्टेबद्दल तक्रार नाही. तिच्याखाली जो सूर आहे तो मात्र खटकतो. "विद्येच्या मंदिरात दुकानदारांच्या पाट्या!" अरे बाबांनो, आपण कुठल्या गावात राहतो? सांगलीच्या विश्रामबागेत 1919 पासून एका गव्हर्नरच्या नावानं कॉलेज उभं आहे. विलिंग्डन म्हणताना आज कुणाला तो लाटसाहेब आठवतो? कृष्णेवरच्या पुलाला व्हाइसरॉय आयर्विनचं नाव, आणि दर पावसाळ्यात पाणी चढलं की अख्खा जिल्हा "आयर्विनला किती फूट?" एवढंच विचारत बसतो. सत्तेतल्या माणसाचं नाव लागलं तर तो इतिहास, आणि ज्यानं स्वतःच्या गल्ल्यातून पैसे काढून दिले त्याचं लागलं की धंदा? हा न्याय मला कळत नाही.

आणि वालचंदचं काय? धोंडूमामा साठ्यांनी 1947 साली काढलं तेव्हा ते न्यू इंजिनिअरिंग कॉलेज होतं. 1955 मध्ये वालचंद झालं. एका उद्योगपतीचं नाव अख्ख्या कॉलेजला लागलं, आणि आज "आमचा पोरगा वालचंदला आहे" हे सांगताना आई-बापांची मान ताठ होते. तिथं कुणाला दुकानदारी दिसत नाही.

आता कुणीतरी कर्मवीर अण्णांची गोष्ट काढणार, म्हणून मीच काढतो. रयतनं 1947 ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं. पैशाची ओढाताण तर पाचवीलाच पुजलेली. अशात एक धनिक मोठी रक्कम द्यायला तयार झाला, अट एकच, कॉलेजला आमच्या घराण्याचं नाव द्या. अण्णांनी त्याला वाटेला लावलं. एकवेळ बापाचं नाव बदलीन, पण महाराजांचं बदलणार नाही, असं ते म्हणाल्याचं आमच्या भागात पिढ्यानपिढ्या सांगतात. ज्या माणसाच्या बायकोच्या अंगावरचं सोनं बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी गेलं, तो असंच बोलणार. पण नीट बघा, अण्णांनी नकार दिला तो आधीचं नाव पुसायला. आपल्या नव्या इमारतीत खोली नंबर 104 आहे. 104 हा आकडा पुसला तर कुणाचा अपमान होतो, ते मला सांगा.

तिकडं अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात हाय पॉइंट नावाचं गाव आहे. एप्रिल आणि ऑक्टोबर असा वर्षातून दोनदा तिथं फर्निचरचा जंगी बाजार भरतो, जगभरचे व्यापारी येतात. गावात ड्रॉवरच्या कपाटाच्या आकाराची एक इमारतच आहे आणि तिच्या ड्रॉवरमधून दोन भलेमोठे मोजे लोंबतात. अशा गावातल्या विद्यापीठात फर्निचरवाल्यांनी पैसे दिले, त्यांची नावं लागली, तर त्यात कुणाला काय वावगं वाटणार? गाव ज्यावर जगतं तेच तिथं शिकवतात. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सची कथा तर याहून छान. डेव्हिड केंडल म्हणून तिथले नामांकित फर्निचर डिझायनर होते. ते गेल्यावर त्यांच्या बायकोनं ठेवलेल्या पैशातून 1928 मध्ये कलेची शाळा निघाली, ती आजही केंडल नावानंच चालते. नाव कारागिराचं, पैसा घरचा.

हे वाचून आमचे प्लायवूडवाले खूश झाले असतील तर थांबा, आता तुमच्याकडे वळतो.

ऑगस्ट 2019 आठवतोय ना? आयर्विनला पाणी 57 फुटांवर गेलं होतं. पाणी उतरल्यावर गावभागात, मारुती चौकात, टिळक चौकात रस्त्याच्या कडेला काय पडलं होतं? आम्ही विकलेलं फर्निचर. पार्टिकल बोर्डची वॉर्डरोब खालून हातभर चहात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगलेली, सनमायका सुटून लोंबतोय, बिजागरीचा स्क्रू बोटानं ओढला तर भुश्श्यासकट बाहेर. त्याच घरातला आजीचा सागवानी पलंग गच्चीवर वाळत घातलेला. पॉलिश पांढरं पडलेलं, पण सांधा एकही हललेला नव्हता. एका गिऱ्हाईकानं मला कपाटाची मागची फळी दाखवली. तिच्यावर आमच्या मिस्त्रीनं पेन्सिलनं लिहिलेलं माप आणि त्याची सही तशीच होती, फळीचा मात्र पापड झालेला. वॉरंटीचा कागद काढला, तर पाण्यानं झालेलं नुकसान त्यात धरलेलंच नव्हतं. पुन्हा जुलै 2021 आला आणि तेच पुन्हा.

सांगलीत इंटिरिअर शिकवायचं म्हणजे हे शिकवायला पाहिजे. खालच्या मजल्यावर कुठला बोर्ड वापरायचा, बेड जमिनीपासून किती उचलायचा, कुठलं कपाट खोलून तासाभरात माडीवर नेता येतं. आयएस (म्हणजे भारतीय मानक) 303 चा साधा प्लाय आणि आयएस 710 चा मरीन प्लाय यांत फरक काय. मरीनचा तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी त्याचे थर सुटता कामा नयेत, हे पोरांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला पाहिजे. आणि माझा खरा प्रश्न इथं आहे. ज्याच्या नावाची खोली, त्याचाच बोर्ड त्या खोलीत फुगला, तर पोरगं ते जर्नलमध्ये लिहू शकेल का? मास्तर लिहू देईल का?

दारावरच्या पाटीपेक्षा मला आतल्या फडताळाची काळजी आहे. डिझाइनच्या कॉलेजात नमुन्यांची खोली असते, मटेरियल लायब्ररी म्हणतात. सनमायकाचे तुकडे, एज बँड, ड्रॉवर चॅनल, हँडल. ती खोली एका कंपनीनं 'दिली' की फडताळात त्या कंपनीचेच कॅटलॉग येऊन बसतात. पोरगं त्यातूनच निवडायला शिकतं आणि पुढं आयुष्यभर तेच मागवतं. पाटीचे पैसे असे वसूल होतात. मी विक्रेता आहे, मला कुणी शिकवू नये.

म्हणून माणसाचं नाव लावा, ब्रँडचं नको. अमुक शेटजींच्या आईचं नाव लावा, वखारीत आयुष्य घालवलेल्या बापाचं लावा, मी टाळ्या वाजवीन. कंपनीचा लोगो नको. कंपनी कायद्याच्या सीएसआर (म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायचा खर्च) नियमांतसुद्धा जाहिरातीच्या फायद्यासाठी केलेली स्पॉन्सरशिप सीएसआर म्हणून धरत नाहीत. आपले व्यापारी त्या कायद्यात बसण्याएवढे मोठे नाहीत ही गोष्ट वेगळी, पण अक्कल तिथून घ्यायला हरकत नाही. फडताळात सगळ्यांचे नमुने, तपासणीचे निकाल भिंतीवर उघडे, आणि देणगीदाराचा अभ्यासक्रमात शब्द चालणार नाही, एवढं पावती फाडायच्या आधी कागदावर आणा.

मुदतसुद्धा लिहा. न्यूयॉर्कला लिंकन सेंटरच्या एका सभागृहाला 1973 मध्ये देणगीदार एव्हरी फिशर यांचं नाव दिलं, आणि 2014 मध्ये ते काढायला सेंटरला त्यांच्या वारसांच्या हातावर दीड कोटी डॉलर ठेवावे लागले, कारण नवा देणगीदार मिळवायचा होता. आपल्याकडं एवढे पैसे लागणार नाहीत, पण भांडण तेवढंच होईल. वीस-पंचवीस वर्षं ठरवा, पुढं वारसांनी रंगरंगोटीला पैसे दिले तर पाटी राहील. देणगी भिंतीला मिळते, गळक्या छताला कुणी देत नाही, हे कमिटीला मी सांगायला नको.

माझी खोली देण्याची ऐपत नाही. तपासणीसाठी स्टीलची एक टाकी आणि खाली गॅसची शेगडी एवढं मी देतो, तिच्यावर नाव घालायची गरज नाही. पहिला तुकडा माझ्याच दुकानातला घ्या, बिल मी फाडणार नाही. हे गमतीत बोलत नाहीये, कमिटीतल्या कुणीतरी फोन करा. दुपारी दोन ते चार सोडून, तेव्हा दुकान बंद असतं.