दोन्ही अर्धा इंच

कालपासून माझी सायकल चेनशिवाय भिंतीला टेकून उभी आहे आणि हे लिहितानाही माझ्या नखांत ग्रीस आहे.

चेन ब्रेकर, म्हणजे चेनच्या कडीतली पिन दाबून बाहेर ढकलायचं हत्यार, मी तीन आठवडे अभ्यास करून निवडला होता. अकरा गिअरची अरुंद चेन खाचेत नीट बसते का, पाठीमागे तिला पक्का टेकू मिळतो का, दाबणारी पिन मोडली तर जादा पिन हँडलच्या पोकळीत ठेवलेली आहे का. (हँडल आखूड असेल तर खिशात छान मावतं. पिन हलवायची वेळ आली की कळतं, ते खिशासाठीच केलेलं होतं.) नवी चेन लांब येते, म्हणून जुनीशेजारी ठेवून मोजली, तोडायच्या कडीवर खडूनं खूण केली, तोच शेजारचे काका हातात साखळीचं वेटोळं घेऊन हजर.

"एवढी एक कडी काढून द्या."

"ही कशाची?"

"मशीनची."

"कुठल्या मशीनची?"

"अहो, मशीनची!"

हा सायकलचा ब्रेकर आहे, असं मी म्हणताच काकांनी खिशातून टेप काढला. खिशात टेप घेऊन फिरणाऱ्या माणसाशी वाद घालू नये, हे मला तेव्हा सुचलं नाही. एका पिनपासून दुसरीपर्यंत त्यांनी दोन्ही साखळ्या मोजल्या.

"तुमची अर्धा इंच. माझी अर्धा इंच. मग अडतंय कुठे?"

12.7 मिलिमीटर, दोन्हीकडे, अगदी बरोबर. अडत होतं ते पिनच्या जाडीत. सायकलची साडेतीनच्या आसपास, त्यांची जवळजवळ साडेचार मिलिमीटर. शिवाय टोकं ठोकून पसरवलेली. ती आधी घासून काढावी लागतात. रुंदी तर दुपटीहून जास्त. हे सगळं मी हातवारे करून समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पण अर्धा इंच आहे ना?"

मला नाही म्हणता येत नाही. माझी शिडी अशीच गेली, ती आता त्यांच्याच घरची झाली आहे. ड्रिल परत आलं, बिट्स आले नाहीत. विचारलं की आपणच कद्रू ठरतो, आणि नेणारा मात्र दिलदार!

हँडल पार मागे घेतल्यावर साखळी तिरकी का होईना, शिरली. मी पिळलं. काकांनी माझ्या हातावर हात ठेवून पिळलं. टक्!

"बघा, निघाली!" काका म्हणाले.

मोडली होती माझ्या ब्रेकरची पिन. त्यांची जागची हलली नव्हती. काकांनी खाली पडलेला तुकडा उचलून उजेडात धरला.

"हलका माल घेतलात."

मग ते घरी जाऊन ग्राइंडर, पंच आणि हातोडी घेऊन आले. पिनेचं डोकं घासलं, दोन घाव घातले, कडी सुटी.

"हे सगळं होतं तर माझ्याकडे कशाला आलात?"

"तुमचं नवीन आहे ना. म्हटलं, बघू तरी कसं चालतं."

जादा पिन हँडलच्या पोकळीत आहे. बसवायला दोन मिनिटं लागतील. पण काका सकाळपासून जिन्यातच घुटमळताहेत, आणि त्यांच्या हातात आज जरा मोठं वेटोळं आहे.