‘मटण खाता ना, मग गप्प बसा’: कोपनहेगनच्या तीन पिल्लांवरून चालणारा युक्तिवाद

फेब्रुवारी २०२५ संपता संपता कोपनहेगनमध्ये एक प्रदर्शन उघडलं. जागा जुन्या मांसबाजाराच्या भागातली, पूर्वी खाटकाचं गोदाम असलेली. आत दोन शॉपिंग ट्रॉल्यांचा मिळून केलेला पिंजरा, खाली पेंढा आणि त्यात डुकराची तीन पिल्लं. मागे डेन्मार्कचा झेंडा आणि कापलेल्या डुकरांची मोठाली चित्रं. कलाकार मार्को एव्हारिस्ती, जन्माने चिलीचा, कर्मभूमी डेन्मार्क. त्याने आधीच जाहीर केलं होतं की पिल्लांना पाणी मिळेल, खायला काही मिळणार नाही आणि ती मरतील. मांडणशिल्पाचं नाव होतं ‘आणि आता तुम्हाला पर्वा?’. दुसऱ्याच दिवशी प्राणिहक्कवाल्या कार्यकर्त्यांनी पिल्लं पळवली. दार उघडून द्यायला कलाकाराचाच एक मित्र फितूर झाला होता.

जिवंत गुरंढोरं मांडून केलेल्या कलेचा विषय निघाला, की तेव्हापासून एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. तो साधारण असा: जे स्वतः मांस खातात त्यांनी कलाकाराला क्रूर म्हणू नये, कारखान्यांत रोज हजारो पिल्लं मरतात तिथे तिघांचं काय, खरं जनावर नसतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं, कलेत हे पन्नास वर्षं चाललंय, आणि आपण तर दर वर्षी पोळ्याला बैल रंगवतो. ऐकायला बिनतोड वाटतं. एकेक मुद्दा घेऊन पाहू.

‘मांस खाणाऱ्याला बोलायचा हक्क नाही.’

मग जगातल्या कुठल्याच प्राणिकल्याण कायद्याला अर्थ उरत नाही, कारण ते बहुतेक मांस खाणाऱ्या समाजांनीच केलेत. आपला १९६०चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा पाहा. खाण्यासाठी जनावर मारणं त्यात गुन्हा नाही, पण मारताना विनाकारण यातना दिल्या तर ती सूट जाते. त्याच कायद्याच्या कलम ११मध्ये मालकाने जनावराला पुरेसं खाणं, पाणी, निवारा न देणं हा क्रूरपणा म्हणून नोंदवलाय. म्हणजे मारणं वेगळं आणि हाल करणं वेगळं, हा फरक कायद्याला मान्य आहे. गावाकडे तो सांगावाही लागत नाही. बोकड रविवारी कापायचा असला तरी शनिवारी त्याच्यापुढे पाला टाकतातच. न टाकणाऱ्याला शेजारी चार शब्द सुनावतात, आणि तेच शेजारी रविवारी मटणाचा वाटा न्यायला येतात. यात ढोंग नाही.

‘रोज पंचवीस हजार मरतात, तीनचं काय घेऊन बसलात?’

डेन्मार्कमध्ये दिवसाला सुमारे २५,००० पिल्लं मरतात हा आकडा प्रदर्शनाच्या निमित्ताने जगभर छापला गेला, आणि तो डोळ्यांआड करण्यासारखा नाही. पोर्कच्या निर्यातीत हा देश आघाडीवर आहे. तिथल्या डुकरिणी निवडनिवडून अशा तयार केल्यात की एका वेताला वीसेक पिल्लं होतात, आणि सड असतात चौदा. उरलेल्यांनी काय करायचं? जी दुबळी ती दुधापासून ढकलली जातात आणि उपासमारीने जातात. काही आईच्या अंगाखाली चिरडतात. हे कुणाच्या वैयक्तिक दुष्टपणातून होत नाही. वीस जन्मली आणि काही मेली तरी हिशेब नफ्यातच राहतो, म्हणून होतं.

आता यातलं त्या पिंजऱ्यात काय होतं? डुकरीण नव्हती, चौदा सड नव्हते, नफ्याचा तो हिशेबही नव्हता. होती ती तीन पिल्लं आणि त्यांना उपाशी ठेवणारा एक माणूस. बघणाऱ्याचा संताप साहजिकच त्या माणसावर गेला. एव्हारिस्तीचा राग योग्य जागी होता हे मी मान्य करतो, पण मांडणी अशी केली की लोकांचा राग उद्योगाऐवजी त्याच्याच अंगावर आला.

आणि ‘हजारोंत तीन’ हे गणित मुळात कुणाचं? उद्योगाचंच. एक पिल्लू गेलं तर दुसरं आहे, हा कारखान्याचा विचार. प्रदर्शनातल्या तीन पिल्लांच्या जागी दुसरी कुठलीही तीन ठेवली असती तर मांडणशिल्पात तसूभर फरक पडला नसता. ज्या वृत्तीवर टीका करायची, तीच वृत्ती इथे साहित्य म्हणून वापरली गेली. उलट एका बाबतीत कलाकार पुढेच गेला. कारखान्यात पिल्लाचा मृत्यू हा खर्चाच्या बाजूला मांडलेला असतो. इथे मृत्यू हाच कार्यक्रम होता, आगाऊ जाहीर केलेला.

‘खरं जनावर नसतं तर कुणी पाहिलंच नसतं.’

हा मुद्दा सगळ्यांत जोरात मांडला जातो आणि सगळ्यांत कच्चा आहे. त्यासाठी एकाच कलाकाराची दोन कामं शेजारी ठेवू. २००३ साली लंडनच्या एका गोदामात बँक्सी या ओळख लपवणाऱ्या ब्रिटिश भित्तिचित्रकाराने जिवंत डुकरं, मेंढ्या आणि एक गाय रंगवून ठेवली होती. डुकरांना पोलिसी रंग, गाईच्या अंगावर अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलचे चेहरे. जनावरांची व्यवस्था प्राणिकल्याण संस्थेने तपासून मान्य केली होती, तरी एका कार्यकर्तीने स्वतःला साखळीने तिथेच बांधून घेतलं. बातमी झाली ती तिची. पोलिसांबद्दल, बाजाराबद्दल काय म्हणायचं होतं ते बाजूलाच राहिलं.

दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०१३मध्ये, त्याच बँक्सीने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर एक ट्रक फिरवला. कत्तलखान्याकडे जनावरं नेणारा असतो तसा, फळ्यांमध्ये फटी असलेला. फटींतून कापडी गायी, डुकरं, कोकरं माना बाहेर काढून किंचाळत होती. मुलं बिछान्यात घेऊन झोपतात तसली खेळणी, आतून माणसं हलवत होती. ट्रकवर ताज्या मांसाची जाहिरात. सुरुवात तिथल्याही जुन्या मांसबाजारातून. एकाही जनावराला भूक लागली नाही, आणि फुटपाथवरच्या माणसाला विषय समजावून सांगावा लागला नाही. ट्रक कुठे चाललाय हे प्रत्येकाला कळत होतं.

आपल्याकडचंही उदाहरण आहे, जरा गमतीचं. नोव्हेंबर २०१५मध्ये जयपूर आर्ट समिटमध्ये एक नकली गाय फुग्याला बांधून हवेत सोडली होती. प्लास्टिक खाऊन गायी मरतात, एवढंच सांगायचं होतं. पोलीस आले, गाय खाली उतरवली आणि कलाकारांना ठाण्यात नेलं. लक्ष वेधायला हाडामांसाचं जनावरच लागतं म्हणणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

‘कलेत ही परंपराच आहे.’

आहे, पण ती काय सांगते? १९६९मध्ये यानिस कुनेलिस या कलाकाराने रोमच्या लात्तिको गॅलरीत बारा जिवंत घोडे बांधले. गॅलरी पूर्वी गाड्यांचं गॅरेज होती. चित्रांच्या जागी भिंतीला लगाम, वासाला लीद, कानाला फुरफुर. तो प्रयोग १९७६मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलामहोत्सवात आणि २०१५मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा झाला, न्यूयॉर्कला बाहेर निदर्शनंही झाली. घोडे चारा खात उभे होते आणि प्रदर्शन संपल्यावर परत गेले. १९९७मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात कार्स्टेन होलर आणि रोझमारी ट्रोकेल या कलाकारांनी डुकरांसाठी आणि माणसांसाठी एक घरच बांधलं. मधोमध काच, पण एकतर्फी. माणसांना डुकरं दिसत, डुकरांना स्वतःचंच प्रतिबिंब. डुकरं आपली लोळत होती, पिल्लांना पाजत होती, आणि बघ्यांचा वेळ जाता जात नव्हता. माझ्या मते या यादीतलं सगळ्यांत चांगलं काम हेच. कारण डुक्कर तिथे डुक्कर म्हणून जगत होतं, कुणाच्या मुद्द्याचं उदाहरण म्हणून नव्हे. या दोन्ही कामांत जनावराचे हाल ही कलाकृतीची गरज नव्हती.

परंपरेचा दाखला द्यायचाच तर एव्हारिस्तीचा स्वतःचा द्यावा. २००० साली डेन्मार्कमधल्या कोल्डिंगच्या ट्रापहोल्ट संग्रहालयात त्याने दहा मिक्सर मांडले, त्यांत पाण्यात सोनमासे. बटण दाबायचं की नाही हे पाहुण्याने ठरवायचं. कुणीतरी दाबलं. संग्रहालयाच्या संचालकांना दंड झाला, त्यांनी तो भरायला नकार दिला, आणि २००३मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. हा निकाल ‘कलेला सगळं माफ’ याचा पुरावा म्हणून सर्रास पुढे केला जातो. प्रत्यक्षात सुटका झाली ती मासे क्षणात मेले, त्यांचे हाल झाले नाहीत, या कारणासाठी. तोच निकष पिल्लांना लावा. दिवसेंदिवस उपाशी राहून मरणाऱ्या पिल्लाबद्दल ‘क्षणात’ कोण म्हणेल? आणि मिक्सरच्या कामात निदान बटण पाहुण्याच्या हाती होतं, दाबलं तर दोष त्याचा. इथे पाहुण्याने फक्त बघायचं होतं.

‘आपण पोळ्याला बैल रंगवतो, ते चालतं?’

चालतं, आणि त्यातही चुका होतात. शिंगांना ऑइलपेंट फासणं, मिरवणुकीत बैलाच्या कानाशी डीजे वाजवणं, यावर बोलायलाच हवं. बैलांच्या शर्यतींचा वाद तर २०१४ची बंदी ते मे २०२३चा निकाल असा सर्वोच्च न्यायालयापर्यंत खेळला गेला. पण तुलना करताना आदल्या संध्याकाळची खांदेमळणी का वगळायची? जू घासून टणक झालेल्या खांद्याला हळद-तूप चोळतात, पोळ्याच्या दिवशी औताला हात लावत नाहीत, आधी बैलाला पुरणपोळी आणि मग घरच्यांना. झूल, गोंडे, बाशिंग हे सगळं त्या एका बैलासाठी असतं, आणि त्याला नाव असतं. नंतर त्याच्याच जिवावर पेरा करायचा असल्याने त्याला उपाशी ठेवणं कुणाला परवडतही नाही.

विरोधकांपैकी बरेच जण म्हणतात की ‘ही कलाच नव्हे’. मला ते पटत नाही. असेल कला, फार चांगली नाही एवढंच. पण तो वाद सुटला काय नि न सुटला काय, पिल्लाच्या पोटात त्याने काही पडत नाही. हेच प्रदर्शन उद्या मुंबईच्या एखाद्या गॅलरीत लावायचं म्हटलं तर १९६०च्या कायद्यात सवलती कुणाकुणाला आहेत ते बघावं लागेल: शास्त्रीय प्रयोग, अन्नासाठी कत्तल, धर्माच्या रीतीने केलेला वध, लष्कर-पोलिसांचं प्रशिक्षण, प्राणिसंग्रहालयं. या यादीत कला नाही.