चपलेवर एक सत्र शिकवता येईल का?

आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर ती यादी पुन्हा एकदा फिरली. 'अमेरिकेत काय काय शिकवतात बघा' असा मथळा, आणि खाली हार्वर्डचा टेलर स्विफ्टवरचा कोर्स, मिशिगन स्टेटचा झॉम्बींवरचा, येलचा सुखी आयुष्यावरचा. लगेच दोन तट पडले. एकाचे म्हणणे, लाखो रुपये भरून पोरांनी गाणीच ऐकायची तर आपला सिलॅबस काय वाईट? दुसऱ्याचे म्हणणे, म्हणूनच तर ते पुढे गेले, आणि नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता आपल्याकडेही असे विषय येताहेत. मी ओहायोतल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात, म्हणजे जिथे मुले विज्ञान, साहित्य, इतिहास असे सगळे मिसळून शिकतात अशा कॉलेजात, शिकवते. माझ्या मते दोन्ही बाजू नुसत्या नावावरून भांडताहेत. कोर्स कोणी रचला, तो किती मुलांसमोर शिकवला जातो आणि मुलांनी लिहिलेले कोण वाचतो, हे त्या यादीत कुठेच नसते. आणि खरा फरक तिथेच पडतो.

हार्वर्डचा तो कोर्स 2024 मध्ये स्टेफनी बर्ट यांनी घेतला. त्या कवितेच्या नावाजलेल्या समीक्षक आहेत. वाचनाच्या यादीत गाण्यांबरोबर वर्डस्वर्थ आणि कोलरिजही होते. झॉम्बींच्या कोर्सच्या नावाचा उत्तरार्ध आहे 'आपत्ती आणि मानवी वर्तन', पण फॉरवर्ड करणारे तो हमखास गाळतात. एमआयटीत संजॉय महाजन यांनी 'स्ट्रीट-फायटिंग मॅथेमॅटिक्स' शिकवले. रस्त्यावरच्या मारामारीचे गणित असे नाव, पण विषय एकच: काटेकोर सिद्धतेत न अडकता उत्तराचा विश्वासार्ह अंदाज कसा बांधायचा. इंजिनिअरच्या रोजच्या कामाला याहून उपयोगी गणित मला तरी ठाऊक नाही.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला एक कोर्स मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. जस्टिन मॅकडॅनियल हे तिथे धर्म-अभ्यास शिकवतात. त्यांच्या कोर्सचे नाव आहे 'एक्झिस्टेन्शियल डिस्पेअर', म्हणजे जगण्याविषयीची हताशा. मुले संध्याकाळी येतात, फोन बाजूला ठेवतात, आणि त्याच बैठकीत एक अख्खी कादंबरी वाचून काढतात. मग त्यावर बोलतात. वर्ग मध्यरात्रीपर्यंत चालतो. घरी वाचून या म्हटले की आजची मुले वाचत नाहीत, हे जगभरच्या प्राध्यापकांचे दुखणे. या माणसाने त्याची तक्रार करत न बसता वाचनालाच वर्गात जागा दिली. नाव ऐकून हसू येईल, पण विशीतली मुले तासन् तास शेजारी शेजारी बसून पुस्तक वाचताहेत, हे चित्र मला कुठल्याही वर्गात बघायला आवडेल.

येलच्या 2018 च्या कोर्सला मात्र मी या रांगेत बसवणार नाही. सुमारे 1,200 मुले एका सभागृहात. विषय उत्तम होता, पण एवढ्या गर्दीत मुलाने लिहिलेले परिच्छेद कोण ओळीओळीने वाचणार?

आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला एक सेमिनार घ्यावाच लागतो. वर्गात पंधरा मुले, विषय शिक्षकाच्या मर्जीचा, आणि लेखन भरपूर. माझा विषय मीठ. क्लीव्हलंडजवळ एरी सरोवराच्या तळाखाली, सुमारे 1,800 फूट खोल मिठाची खाण आहे. तिथले मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर पसरतात. बर्फ का वितळते, उणे नऊ-दहाच्या खाली पारा गेला की मीठ का हात टेकते, हे आधी रसायनशास्त्रातून. मग ते मीठ वसंतात ओढ्यांत उतरते तेव्हा माशांचे काय होते. मग 1882 चा मिठाचा कायदा, 1930 ची दांडी, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यातला आपल्या शिरोड्याचा सत्याग्रह. शिरोड्याचे नाव या मुलांनी कधी ऐकलेले नसते. पण सरकारने मिठावर कर का बसवावा आणि माणसांनी त्यासाठी लाठ्या का खाव्यात, या प्रश्नाशी ती आठवडाभर झुंजतात.

गेल्या खेपेला नगरपालिकेच्या प्लाऊ-चालकाचा, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ हटवणारी गाडी चालवणाऱ्याचा, मुलगा वर्गात होता. वडील रात्री तीनला मिठाचा ट्रक घेऊन निघतात, एवढेच त्याला माहीत होते. त्याने वडिलांची मुलाखत घेऊन निबंध लिहिला. पहिला खर्डा सगळा कौतुकाचा होता. मी समासात लिहिले, 'दर मैलाला किती मीठ टाकायचे हे कोण ठरवते?' दुसऱ्या खर्ड्यात त्याने तेच शोधून आणले. तिसऱ्यात तो पहिल्यांदाच वडिलांशी असहमत झाला, आणि त्याची कारणे त्याने नीट मांडली. एका निबंधाचे तीन खर्डे, प्रत्येकावर माझा तासभर. विचित्र नावाच्या कोर्सच्या पोटात असे काम असते. ते नसेल तर टीकाकारांचे सगळे म्हणणे मला मान्य आहे. नुसत्या आकर्षक नावाखाली दोन-चार व्हिडिओ दाखवून श्रेयांक वाटणारे कोर्स अमेरिकेतही आहेत.

इथले सगळेच उचलून नेण्याजोगे नाही. नामांकित खासगी कॉलेजांचा वर्षाचा खर्च 80,000 डॉलरच्या वर गेला आहे. सरकारी विद्यापीठांत कात्री चालली आहे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने 2023 मध्ये 28 अभ्यासक्रम बंद करायचे ठरवले, परकीय भाषांचे जवळपास सगळेच त्यात गेले. ज्याच्यासाठी आपण अमेरिकेकडे बघतो, ते अमेरिका स्वतःच मोडते आहे, याची मला इथे रोज काळजी वाटते.

आता आपल्याकडचे. 2020 च्या धोरणात बाणभट्टाच्या 'कादंबरी'तल्या चौसष्ट कलांचा दाखला आहे. गायन आणि चित्रकलेबरोबर रसायन, गणित, सुतारकाम हेही त्यात येते, असे धोरण सांगते. हे मला मनापासून पटते. दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशा तीन भिंती घालून आपण पिढ्यान् पिढ्यांचे नुकसान केले आहे. धोरणाप्रमाणे ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचे ऐच्छिक विषय, आले, बी.कॉम.च्या मुलीला इतिहास घेता येऊ लागला. पण कोल्हापूरकडची माझी एक मैत्रीण गेली कित्येक वर्षे तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. ती सांगते, ओपन इलेक्टिव्हचा मजकूर वरून ठरून येतो, वर्ग भरगच्च असतो, आणि मोबदला मिळतो तो वर्गात उभे राहिल्याच्या तासांचा. खर्डे वाचण्याचा तास कुठल्याच बिलात बसत नाही.

या मैत्रिणीच्या मनात एक कोर्स आहे: कोल्हापुरी चप्पल. पहिले आठवडे कातड्याचे, बाभळीची साल आणि हिरडा वापरून ते कसे कमावतात त्याचे. मग चर्मकार आणि ढोर समाजाचा इतिहास, आणि ज्या हातांनी चप्पल घडवली त्यांनाच उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्या गावांचा इतिहास. मग शाहू महाराजांनी या व्यवसायाला दिलेले बळ. मग 2015 चा गोवंश हत्याबंदीचा कायदा आणि त्यानंतरचा कातड्याचा बाजार. मग 2019 चे भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे हे नाव ठरावीक भागातल्या चपलेलाच लावता येईल असे कायद्याचे संरक्षण: महाराष्ट्राचे चार जिल्हे, कर्नाटकाचे चार. आणि शेवटी जून 2025, मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने दाखवलेल्या तशाच चपला. आपले मानांकन इटलीत आपोआप का लागू होत नाही, हा प्रश्न कायद्याच्या मुलांनाही घाम फोडेल. रसायन, जात, कायदा, व्यापार, सगळे एका चपलेत, आणि कारागीर कॉलेजपासून सायकलच्या अंतरावर. हार्वर्डला हा कोर्स असा शिकवता येणार नाही.

ती यादी फॉरवर्ड करणाऱ्या माझ्या दोन्ही बाजूंच्या मित्रांनी भांडायचेच तर यासाठी भांडावे. शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरा. इलेक्टिव्हच्या वर्गाला तीस मुलांची मर्यादा घाला. निदान एका कोर्सपुरते तरी रचणे, शिकवणे आणि तपासणे हे तिन्ही एकाच शिक्षकाच्या हाती द्या, आणि तपासणीच्या तासांचे पैसे मोजा. स्वायत्त महाविद्यालयांचे, अभ्यासक्रम ठरवणारे अभ्यास मंडळ तर त्यांचे स्वतःचेच असते. त्यांनी येत्या जूनपासून सुरुवात करावी. चपलेच्या कोर्सचा पंधरा आठवड्यांचा आराखडा मैत्रिणीकडे तयार आहे.