आता जोशी-निम गातील

कोरियात नोकरीला निघालेल्या माणसाला भाषा, थंडी आणि किमची यांची धास्ती सगळे घालतात. नोरेबांगबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. ऑफिसच्या लोकांनी एकत्र जेवायचं, याला होएशिक म्हणतात. जेवण उरकलं की आपल्याला वाटतं सुटलो. पण नाही, पुढे 'दुसरी फेरी' असते, आणि आमच्या खात्याची दुसरी फेरी नोरेबांगमध्येच होते. सोलजवळच्या पांग्योतल्या एका तळघरात खोली भाड्याने घ्यायची, मशीनवर गाण्याचा नंबर दाबायचा आणि पडद्यावर सरकणारे शब्द बघत माइकमध्ये ओरडायचं. सोबतीला खंजिरी. हे प्रकरण १९९१ साली बुसानमध्ये सुरू झालं आणि बघता बघता देशभर झालं. पडद्याच्या कोपऱ्यात उरलेली मिनिटं दिसतात. माझं सगळं लक्ष तिथे.

आमच्याकडे हुद्द्याप्रमाणे गातात, आणि हुद्दा बहुतेक वयाप्रमाणेच असतो. त्यामुळे कोरियन पॉपचा निम्म्या शतकाचा इतिहास एका रात्रीत, ओळीने, जबरदस्तीने ऐकायला मिळतो. अभ्यासक या इतिहासाच्या पहिली पिढी, दुसरी पिढी अशा वाटण्या करतात. मी तो मिनिटांत मोजतो. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणे; मी सुपातला असलो तरी माझ्यापर्यंत पाळी यायला किती वेळ आहे, हे पुढच्याने कुठल्या दशकातलं गाणं निवडलं यावर ठरतं.

पहिले आमचे संचालक. साठीला टेकलेले, सोजूचा, म्हणजे तिकडच्या दारूचा, पेला डाव्या हातात. ते चो योंग-पिल गातात. या गायकाला तिकडे गायकांचा राजाच म्हणतात. त्याचं १९७६ चं बुसान बंदराचं गाणं, दूर गेलेल्या भावाला परत ये म्हणून घातलेली साद, संचालक डोळे मिटून म्हणतात. सुरावटीला विलक्षण हेलकावे आहेत. मुख्य म्हणजे दोन कडव्यांच्या मधे भरपूर वाजवतात. तेवढ्यात माणूस जिना चढून, रस्त्यावर गार हवा खाऊन, परत येऊन टाळी वाजवू शकतो. मला त्या काळच्या संगीतकारांबद्दल अपार आदर आहे.

गाणं संपलं की संचालक सांगायला लागतात, आणि तो वेळही माझ्याच खात्यात जमा होतो. सत्तरच्या दशकात हुकूमशहा पार्क चुंग-हीच्या राजवटीत पोलीस पोरांचे लांब केस भररस्त्यात कापायचे आणि पोरींच्या स्कर्टला पट्टी लावायचे. शिन जुंग-ह्यॉन नावाच्या रॉकवाल्याने सत्तेची आरती करणारं गाणं लिहायला नकार दिला. पुढे १९७५ मध्ये तो गांजाच्या खटल्यात सापडला आणि त्याच्या गाण्यांवर बंदी आली. त्यानंतर प्रत्येक रेकॉर्डवर एक 'सकस गीत' टाकणं सक्तीचं झालं. म्हणजे प्रेमभंगाची सगळी गाणी ऐकून झाली, डोळे पुसून झाले, की शेवटी निरोगी समाज आणि सुंदर मातृभूमी. गंमत अशी की पुढे याच देशाच्या सरकारने १९९९ मध्ये सांस्कृतिक उद्योग वाढवायचा कायदा केला, आणि आज तिथली गुलाबी केसांची पोरं देशाची शान म्हणून मिरवतात.

दुसरे आमचे खातेप्रमुख, पन्नाशी उलटलेले. ते कोटाची टॅग न काढलेली असावी इतक्या ताठपणे उठतात आणि सो ताईजी अँड बॉइज लावतात. एप्रिल १९९२ मध्ये ही तीन पोरं टीव्हीच्या स्पर्धेत कोरियन भाषेत रॅप करत नाचली. परीक्षकांनी १० पैकी ७.८ गुण दिले, म्हणजे त्या दिवशीचे सगळ्यात कमी. ठार नापास! आणि मग गल्लोगल्ली तेच गाणं. आज जगभर जे के-पॉप म्हणून ऐकतात त्याची मुहूर्तमेढ या नापास पोरांनीच रोवली. तिघांतल्या यांग ह्यून-सुकने पुढे वायजी कंपनी काढली. बिगबँग आणि ब्लॅकपिंक हे बँड तिथलेच. खातेप्रमुख ते रॅप अजून अडखळल्याशिवाय म्हणतात. नाच मात्र कमरेपासून वरचाच, कारण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मशीन त्यांना १०० पैकी ९८ देतं. हे मशीन कुणालाही ९० च्या खाली देत नाही. माणसं ओळखण्यात ते त्या परीक्षकांपेक्षा सरस की अगदीच बेशरम, हे मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या आमच्या चाळिशीतल्या मॅनेजर बाई. एरवी मान हलवूनच बोलतात. एच.ओ.टी. लागलं की माइक कुणाला देत नाहीत. एसएम कंपनीच्या ली सू-मानने शाळकरी पोरींना विचारून-विचारून, त्यांना कसा गायक आवडेल याचा अंदाज घेऊन १९९६ मध्ये ही पाच पोरं बाजारात उतरवली. चाहत्या पांढरे रेनकोट घालून पांढरे फुगे घेऊन यायच्या. विरुद्ध पार्टी, सेक्सकीजची, पिवळी. २००१ मध्ये एच.ओ.टी. फुटलं. बाई तो विषय निघाला की अजून सोजू मागवतात.

मग आमचा असिस्टंट मॅनेजर, तिशीतला. त्याच्या शाळेच्या दिवसांत सगळी गाणी एकाच ओळीपाशी फिरत राहायची, म्हणजे अर्ध्या कोरियाला घोटून घोटून पाठ. तो गर्ल्स जनरेशनचं २००९ चं 'जी' नाचासकट करतो, नऊही मुलींच्या वाटचं, एकटा. नाचताना दम लागतो, पण त्याच साली गाजलेल्या कोर्टकचेरीची गोष्ट सांगायला दम असतो: टीव्हीएक्सक्यू या बँडच्या तिघांनी आपल्या कंपनीला १३ वर्षांच्या कराराबद्दल न्यायालयात खेचलं, आणि सरकारनेही त्याच साली ७ वर्षांचा नमुना करार आणला. हे सांगून तो संचालकांकडे बघतो. संचालक झोपलेले असतात.

इथे कोणीतरी हाळी देतं. "आता जोशी-निम गातील!" जोशी म्हणजे मी, आणि निम म्हणजे आपलं 'साहेब'.

परदेशी माणसासाठी एकच गाणं ठरलेलं आहे. मला विचारतसुद्धा नाहीत. २०१२ चं, साय या गायकाचं 'गंगनम स्टाइल', यूट्यूबवर १०० कोटींचा आकडा ओलांडणारा पहिला व्हिडिओ. त्यात श्रीमंतांच्या गंगनम भागाची टर उडवलीय. पांग्योहून मेट्रोने तो जवळच आहे, आणि आमच्यापैकी कुणालाच तिथे घर परवडत नाही. मला कोरियन लिपी वाचता येते, पण रस्त्यावरच्या पाट्यांच्या वेगाने. शब्द रंगत रंगत पुढे पळतात. मी पहिली ओळ लावेपर्यंत मशीन तिसरीवर. मग घोड्याचा नाच तेवढा नेटाने करायचा. अशा वेळी मला किम सिस्टर्स आठवतात. पन्नासच्या दशकात या बहिणी अमेरिकन सैनिकांच्या तळांवर इंग्रजीचा गंध नसताना इंग्रजी गाणी घोकून म्हणायच्या. बिदागी म्हणून व्हिस्की मिळायची, ती विकून घरात तांदूळ यायचा. १९५९ मध्ये त्या लास वेगासला पोचल्या. माझंही तेच, फक्त उलट्या बाजूने. मला सोजू मिळते. वेगासचं अजून कोणी काढलेलं नाही.

९४ गुण.

शेवटी आमची सगळ्यात धाकटी सहकारी. तिच्या तोंडी न्यूजीन्स या मुलींच्या बँडचं गाणं. सुरुवातीचं वाजवणं नाही, मधलं वाजवणं नाही, निरोपही नाही. २ मिनिटं ३४ सेकंद आणि खल्लास! मोबाइलवर बोटाने वर सरकवणाऱ्यांसाठी गाणी आखडली म्हणतात. असेलही, पण कुणीतरी मागे बसलेल्याचाही विचार करायला हवा होता. मी पाणी प्यायला ग्लास उचलतो न उचलतो तोच ते संपतं आणि दुसरा फेरा सुरू.

दुसऱ्या फेऱ्यात संचालक घोरत असतात, खातेप्रमुखांची शेवटची मेट्रो असते. म्हणजे लांब गाणी म्हणणारे सगळे गळाले. उरले तीन-तीन मिनिटांवाले. ब्लॅकपिंकमधली रोझे आणि अमेरिकन गायक ब्रूनो मार्स यांचं 'आपाथू' तर मद्यपानाच्या खेळावरच बेतलेलं, २०२४ चं, तीन मिनिटांच्या आत. ते म्हणताना सगळे एकमेकांच्या हातावर हात रचतात. माझा हात सगळ्यात खाली.

काल-परवाचीच गोष्ट. कोपऱ्यात ३ मिनिटं उरली होती, माझी पाळी यायला एक गाणं होतं. हिशेब चोख बसत होता. मी कोट अडकवायला घेतला. तेवढ्यात आकडा ३३ झाला. नेहमीच्या गिऱ्हाइकांवर खूश होऊन मालकीणबाई अर्धा तास फुकट वाढवून देतात. याला तिकडे 'सॉबिस', म्हणजे सर्व्हिस, म्हणतात. सगळ्यांनी दरवाजा उघडून वरच्या दिशेने जोरात आभार मानले. धाकटीने रिमोट माझ्या हातात दिला.