पंचतारांकित भरती म्हणजे विजेतेपद नव्हे

अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरत असतो: कॉलेज फुटबॉलच्या (म्हणजे अंडाकृती चेंडूच्या अमेरिकी फुटबॉलच्या) यशस्वी संघांत तीन गोष्टी हमखास सापडतात. पंचतारांकित, म्हणजे शाळेतच सर्वोच्च मानांकन मिळालेल्या खेळाडूंची भरती, असामान्य क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) आणि कधी न हरण्याची सवय. तिन्ही मुद्दे अपुरे आहेत.

आधी भरती. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाची 2022 ची भरती देशात पहिल्या क्रमांकाची ठरली. त्याच हंगामात संघ 5 सामने जिंकला, 7 हरला. पुढच्या वर्षी प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढलं, तेही करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम अंगावर घेऊन. इंडियानाचा संघ 2023 मध्ये 12 पैकी 3 सामनेच जिंकला होता. मग प्रशिक्षक म्हणून कर्ट सिग्नेटी आले आणि त्यांच्यामागून जेम्स मॅडिसन विद्यापीठातले त्यांचे 13 खेळाडू. ही मुलं नावाजलेली नव्हती, पण त्यांच्या पद्धतीत मुरलेली होती. 2024 मध्ये 11 विजय, आणि पुढच्या हंगामात सोळाच्या सोळा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद!

भरती निरुपयोगी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. जानेवारी 2023 च्या अंतिम सामन्यात जॉर्जियाने टीसीयूला (टेक्सस क्रिश्चन विद्यापीठाला) 65-7 असं चिरडलं, तेव्हा भरतीतून आलेली ताकदीतली तफावत लपत नव्हती. पण त्याच जॉर्जियाला सलग दोन विजेतेपदं मिळवून देणारा क्वार्टरबॅक स्टेट्सन बेनेट मुळात शिष्यवृत्तीशिवाय संघात आला होता.

क्वार्टरबॅकच्या मुद्द्याला खरं उत्तर ओहायो स्टेटने 2014 मध्ये दिलं. पहिला क्वार्टरबॅक हंगामाआधीच जायबंदी. दुसऱ्याचा घोटा मिशिगनविरुद्ध मोडला. तिसऱ्या क्रमांकाचा कार्डेल जोन्स सुरुवातीपासून पहिल्यांदाच खेळला आणि विस्कॉन्सिनचा 59-0 असा धुव्वा उडाला. नंतर अलाबामा, मग ओरेगन, आणि विजेतेपद. या तीन सामन्यांत रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) इझिकिएल एलियट 220, 230 आणि 246 यार्ड धावला. त्याला वाट करून देणाऱ्या, पुढच्या फळीतल्या लाइनमनची नावं कुणी घेत नाही. माझ्या मते मोठ्या संघाची ओळख तिथेच पटते: पुढची फळी भक्कम हवी आणि राखीव खेळाडू तयार हवेत.

न हरण्याचं म्हणाल, तर 2024 चा विजेता ओहायो स्टेट दोनदा हरला होता. मिशिगनविरुद्ध तर घरच्या मैदानावर, 13-10 असा. ओरेगनने त्यांना एका गुणाने हरवलं होतं. त्याच ओरेगनला त्यांनी बाद फेरीतल्या रोझ बोल सामन्यात 41-21 असं हरवलं.