उचल, ओढ, सोड

फाइल उचलायची, ओढायची, सोडायची. ऐकायला काय, लहान मूलही करेल. पण हेच काम हाताऐवजी टेस्ट कोडकडून, म्हणजे अ‍ॅप आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रामकडून करून घ्या, मग बघा कसा घाम फुटतो ते.

मुळात बटण दाबून माउस हलवला की ड्रॅग सुरू होतो असं नसतंच. हात जरा थरथरला म्हणून फाइल पळायला नको, म्हणून एक अंतर ठरवलेलं असतं, क्यूटीत (आमचं अ‍ॅप ज्या साधनसंचावर बांधलंय त्यात) ते मुळात 10 पिक्सेल, विंडोजचं स्वतःचं 4. टेस्ट बापडी एका उडीत पार पलीकडे जाते आणि वाटेत काहीच घडत नाही, मग तिला माणसासारखं थोडं थोडं सरकायला शिकवायचं.

खरा वैताग पुढेच आहे. क्यूटीत ड्रॅग सुरू करणारं फंक्शन ड्रॅग संपेपर्यंत परतच येत नाही, आत स्वतःचं इव्हेंट लूप, म्हणजे क्लिकसारख्या घटनांची वाट बघणारा फेरा, चालवत बसतं. माझ्या टेस्टची पुढची ओळ काय? तर 'बटण सोडा'. ती चालणार कधी, ड्रॅग संपल्यावर. आणि ड्रॅग संपणार कधी, बटण सोडल्यावर! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही नि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसली गत.

यावर जुगाड म्हणजे आधीच टायमर लावून ठेवायचा, तो मधेच उठून बटण सोडतो. पण विंडोजवर ड्रॅगचा कारभार सिस्टिमच ताब्यात घेते, अ‍ॅपच्या आत सोडलेले खोटे इव्हेंट तिच्या खिजगणतीतही नसतात, त्यामुळे टेस्ट तशीच लटकते आणि शेवटी मी उठून खऱ्या माउसला नुसतं बोट लावतो की लगेच सुटते. ह्याला आम्ही ऑटोमेशन म्हणतो.

बरं, समोरच्या विजेटने, म्हणजे खिडकीतल्या ज्या चौकटीत फाइल सोडायची तिने, फाइल आत शिरतानाच 'हो, घेतो' म्हटलं नाही तर ड्रॉपचा इव्हेंट येतच नाही, एरर नाही की काही नाही, नुसता तो तिरकी रेघ मारलेला गोल. त्यात अ‍ॅप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेलं असलं तर साध्या एक्सप्लोररमधून ओढलेलं काहीच आत येत नाही, आणि बग मात्र आमच्या नावावर.

सगळ्यात भीती 'मूव्ह'ची. समोरच्याने 'घेतलं' म्हटलं की देणारा आपली प्रत पुसून टाकतो, आणि त्याने घेतलंच नसेल तर माल दोन्हीकडून गायब. हे मात्र मी हातानेच तपासतो, डोळ्यात तेल घालून एक आयकॉन इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि नेमकं तेव्हाच मागून कुणीतरी विचारतं, "काय रे, रिकामा आहेस का?"